पेपर सारखाच, पण बसणारे?

प्रश्न : मुलीला नीटसाठी (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी) लातूरला ठेवलं. दोनदा परीक्षा दिली, ३८८ आणि ४१५ मार्क पडले. आम्ही ओबीसी, कोरडवाहू चार एकर. पेपर सगळ्यांना सारखाच, मग हीच मागे का? मेहनत कमी पडते असं वाटतं. तिच्यासाठी आम्ही काय काय सोसतोय, ते घरी रोज सांगतो. एक एकर विकून पुन्हा रिपीटर बॅचला घालावं का? – एक पालक, जि. बीड

उत्तर : जमिनीचं नंतर बोलू. आधी ते रोजचं सांगणं बंद करा. तुमच्या पत्रात एकरांचा हिशेब आहे, मार्कांचा आहे. पोरीला काय व्हायचंय, याची एक ओळ नाही. सातबारा डोक्यावर ठेवून तुम्ही तिला १८० प्रश्न सोडवायला बसवताय. चुकीच्या उत्तराला एक मार्क जातो. तिला मात्र गुंठा गेल्यासारखं वाटत असणार.

पेपर सारखा असतो, हे खरं. पण नीटला कितीदाही बसता येतं. ज्या घराला क्लास, हॉस्टेल, मेस तीन-चार वर्षं झेपते, त्या घरातलं पोर तितक्यांदा बसतं. निकालावर प्रयत्न कितवा, ते छापत नाहीत. तमिळनाडूने २०२१ मध्ये नेमलेल्या न्या. ए. के. राजन समितीने हेच नोंदवलं : नीटनंतर ग्रामीण, तमिळ माध्यमाच्या आणि गरीब घरांतल्या मुलांचा वाटा घटला, क्लास लावून पुन्हा बसणाऱ्यांचा वाढला. बारावीच्या मार्कांवर प्रवेश द्या, हा समितीचा उपाय मला पटत नाही (कॉपीचं आपल्याकडे काय चालतं, तुम्ही जाणता). निदान मुलीला आळशी तरी ठरवू नका. २०२४ मध्ये २३ लाखांवर मुलं बसली होती; एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास.

जमीन विकू नका. डॉक्टर व्हायचंय का, हे तिला एकदा विचारा आणि उत्तर आलं की मध्ये बोलू नका. ‘हो’ म्हणाली, तर दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन घरून परीक्षा देऊ दे. ‘नाही’ म्हणाली, तर सीईटीतून (राज्याच्या प्रवेश परीक्षेतून) फार्मसी किंवा कृषी बघा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना अशा अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतूनच) हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. मेसचा खर्च मात्र तुमचाच.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर याच आठवड्यात सेतूत टाका; प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग हलत नाही.