वाचकांचे प्रश्न : गुडघे, थंडी आणि एक लाख प्रेक्षक

प्रश्न : मी सांगलीची, सदुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माझा मुलगा अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करतो आणि या नोव्हेंबरात मी त्याच्याकडे ॲन आर्बरला जाणार आहे. तेव्हाच तिथे ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध फुटबॉलचा मोठा सामना आहे आणि मला घेऊन तो पाहायचाच, असे त्याने मनावर घेतले आहे. तिकिटे अजून काढायची आहेत. मला अमेरिकन फुटबॉलमधले ओ की ठो कळत नाही, गुडघे दुखतात आणि थंडी सोसत नाही. शिवाय कॉलेजच्या मुलांचा खेळ पाहायला लाखभर माणसे का जमतात, हेही उमगत नाही. नाही म्हटले तर त्याचा हिरमोड होईल. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण जावे, मात्र तिकिटे निघण्यापूर्वी बसण्याच्या जागेविषयी मुलाशी स्पष्ट बोलून घ्यावे. खेळ न कळणे ही आपल्या अडचणींपैकी सर्वांत किरकोळ अडचण आहे. खरा प्रश्न आहे तो बाकांचा, पायऱ्यांचा आणि साडेतीन तास उघड्यावर बसण्याचा, आणि तिशीच्या आतल्या माणसाला नेमकी हीच गोष्ट सुचत नाही.

मिशिगन स्टेडियम १९२७ साली सुरू झाले. आज त्याची क्षमता १,०७,६०१ प्रेक्षकांची आहे आणि अमेरिकेत त्याहून मोठे स्टेडियम नाही. त्याचा बराचसा भाग जमिनीच्या पातळीखाली आहे, त्यामुळे बाहेरून ते फारसे उंच दिसत नाही; पण फाटकातून आत शिरल्यावर आपण प्रेक्षागाराच्या वरच्या भागात असतो आणि मैदानाजवळची जागा मिळाली असेल तर तिथवर बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांना उतरणे हे चढण्याहून जड जाते, हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणून ‘मैदानाच्या अगदी जवळ’ या मोहात न पडता प्रवेशाच्या पातळीलगतच्या रांगेतली, शक्यतो रांगेच्या टोकाची जागा घ्यावी. चालण्यास त्रास होणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या सोबत्यासाठी राखीव जागाही असतात. त्या तिकीट काढतानाच मागाव्या लागतात, आयत्या वेळी मिळतीलच असे नाही. बहुतेक ठिकाणी पाठ टेकायची सोय नसलेले बाक आहेत आणि माणशी जागा आखूडच असते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. मुलाने विद्यार्थ्यांच्या विभागात बसण्याचा बेत केला असेल तर तो त्याला बदलायला लावावा. तिथली मुले संपूर्ण सामना उभ्याने पाहतात आणि पुढचे सगळे उभे असताना बसलेल्या माणसाला पाठींखेरीज काही दिसत नाही. आपल्यासोबत त्यानेही साध्या विभागात बसावे. स्वस्त तिकीट सोडावे लागल्याची त्याला चुटपुट लागेल, ती लागू द्यावी.

हा सामना थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या अमेरिकी सणानंतरच्या) शनिवारी, बहुधा दुपारी बारा वाजता सुरू होतो. त्या सुमारास तिथले तापमान शून्याच्या आसपास घोटाळत असते आणि बर्फही पडू शकतो. एकच जाड कोट घालण्यापेक्षा आत अंगालगत थर्मल, त्यावर लोकर आणि त्यावर वारा अडवणारे जाकीट, असे थर घालावेत. कानटोपी, हातमोजे आणि लोकरीचे मोजे तर हवेतच. थंडी सर्वाधिक लागते ती बाकातून, म्हणून बसायला जाड उशी किंवा घडी घातलेले ब्लँकेट घ्यावे. छत्री आत नेऊ देत नाहीत, तेव्हा टोपी असलेला रेनकोट बरा. आपल्या नेहमीच्या पर्सचाही भरवसा धरू नये. बॅगांचे नियम कडक असतात आणि हंगामागणिक बदलतात, ते मुलाने विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावेत. गुडघ्यांची गोळी खिशात ठेवावी.

आणि लाल शाल घरी ठेवावी. लाल आणि करडा हे ओहायो स्टेटचे रंग आहेत, तर मिशिगनचे मक्याच्या दाण्यासारखा पिवळा आणि गडद निळा. लाल शालीवरून कोणी भांडणार नाही, पण मुलाचे मित्र आपल्याला दिवसभर चिडवतील.

आता खेळाविषयी. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा नव्या चार संधी, नाही कापले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कबड्डीतल्या पकडीसारखे जमिनीवर आणले की ती संधी संपते. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला तर सहा गुण आणि त्यानंतर लाथेने खांबांमधून मारला तर आणखी एक. नुसताच खांबांमधून मारला तर तीन. तीन संधी संपून चौथी उरली की प्रेक्षक श्वास रोखतात, कारण पुढे जाण्याचा धोका पत्करायचा, तीन गुणांसाठी खांबांमधून मारायचा की चेंडू लाथेने दूर धाडायचा, हे प्रशिक्षकाला तेव्हा ठरवावे लागते. नजर चेंडूवर न ठेवता ‘कितवी संधी आणि किती यार्ड बाकी’ हे दाखवणाऱ्या फलकावर ठेवली तर आपल्याला सामना कळू लागेल. पंधरा मिनिटांचे चार भाग असूनही तो साडेतीन तास चालतो, याला दूरचित्रवाणीवरील जाहिराती बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत. मध्यंतर वीस मिनिटांचे असते आणि त्यात विद्यापीठाचे भले मोठे बँडपथक मैदानात उतरते. ते चुकवू नये. स्वच्छतागृहाला त्याआधीच, दुसऱ्या भागात जाऊन यावे, कारण मध्यंतरात तिथे लांबच लांब रांगा लागतात.

कॉलेजच्या मुलांसाठी एवढी गर्दी का, हा आपला प्रश्न रास्त आहे. हा खेळ मुळात कॉलेजांमध्येच वाढला. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला पहिला सामना १८६९ सालचा, तर व्यावसायिक संघांची आजची संघटना १९२० सालची. त्यामुळे व्यावसायिक संघ येण्यापूर्वीच गावोगावच्या निष्ठा विद्यापीठांशी जडल्या होत्या. ॲन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे आणि तरीही १९७५च्या नोव्हेंबरापासून, कोविडचे २०२० साल सोडले तर, तिथल्या प्रत्येक सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक आले आहेत. वर्षानुवर्षे येणारे माजी विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे यांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्या आसपास तीन-तीन पिढ्या एकत्र बसलेल्या दिसतील. मात्र ‘कॉलेजची मुले’ हे वर्णन आता अर्धेच खरे आहे. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवू शकतात आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. ज्या मुलांच्या जिवावर करोडोंची उलाढाल होते, त्यांना त्यातला वाटा फार उशिरा मिळाला, असे माझे मत आहे.

या दोन संघांमधली चुरस १८९७ पासूनची आहे, आणि दोन राज्यांमधले वैर त्याहूनही जुने आहे. १८३५ साली टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन यांनी एकमेकांविरुद्ध सैन्य उभे केले होते. पट्टा ओहायोला गेला. मिशिगनला उत्तरेकडचा मोठा भूभाग आणि १८३७ साली राज्याचा दर्जा मिळाला, आणि त्या भूभागात पुढे तांबे व लोखंड निघाले. सीमावादाची ही तऱ्हा सांगली-बेळगावकडच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

जेवणाचे म्हणाल तर आत पॉपकॉर्न, प्रेट्झेल आणि चीज घातलेले नाचोज मिळतात; शाकाहारी माणसाची तेवढ्यावर वेळ भागते, पोट भरत नाही. सकाळी घरून पोटभर खाऊन निघावे. आसपासच्या मैदानांवर लोक गाडीची डिकी उघडून शेगडीवर मांस भाजत बसलेले असतात. अनोळखी माणसालाही ते आग्रहाने बोलावतात. हसून नाही म्हटले तर कोणाला राग येत नाही.

शेवटची सूचना मुलासाठी आहे. गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते आत जाण्यापूर्वीच ठरवावे. तिकिटे मोबाईलवरच असतात, त्यामुळे फोन पूर्ण चार्ज करावा आणि आपले तिकीट शक्य तर आपल्याच फोनवर घ्यावे. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत. तिसऱ्या भागानंतर आपल्याला थंडी असह्य झाली तर दोघांनीही निघायचे, हे आजच फोनवर ठरवून टाकावे; निकाल लागायच्या आत उठावे लागले तर त्याला वाईट वाटणार हे उघड आहे, पण आधी कबूल केले असले तर तो कुरकुर न करता उठेल.