बंद दगडखाणीत पाणी भरले की घाण दबते का?

प्रश्न : आमच्या गावाबाहेरच्या बंद दगडखाणीत काही वर्षांपासून रात्री रसायनांची पिंपे आणून टाकली जातात. यंदा खाण पाण्याने भरली आणि उताराकडच्या आमच्या विहिरीला औषधासारखा वास येऊ लागला. गावकरी म्हणतात, पाण्याखाली घाण दबली. जर्मनीत असलेला पुतण्याही सांगतो, की बिटरफेल्डजवळच्या जुन्या खाणीत पाणी भरून सुंदर तलाव केला आहे. हे खरे मानावे का?
— एक शेतकरी, मिरज तालुका

उत्तर : तलावाची गोष्ट खरी आहे, पण घाण दबण्याची नाही. बिटरफेल्डला एकोणिसाव्या शतकापासून लिग्नाइट कोळसा निघत होता आणि त्याच्या आधाराने तेथे मोठे रासायनिक कारखाने उभे राहिले. पुतण्याने पाहिलेला गोइट्शे तलाव उघड्या कोळसाखाणीत झाला. 1999 पासून तो भरला जात होता आणि ऑगस्ट 2002 च्या महापुरात मुल्डे नदीचे पाणी आत घुसून तो झपाट्याने भरला. कारखान्यांची घाण मात्र ‘आंटोनी’सारख्या दुसऱ्या जुन्या खड्ड्यांत गेली. लिंडेन या कीटकनाशकाच्या निर्मितीतला टाकाऊ माल तेथेच ओतला गेला. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना बीएचसी पावडर आठवत असेल, ती याच कुळातली. तिच्यातला खरा कीडनाशक घटक, म्हणजेच लिंडेन, साधारण 10 ते 15 टक्केच असल्याने शुद्ध लिंडेन वेगळे काढले की बाकीचा ढीग उरतो. भारतात या पावडरीवर 1997 मध्ये बंदी आली.

खाणी चालू होत्या तोवर पाण्याचा उपसा अखंड चालत असल्याने भूजलाची पातळी खोल राहिली. खाणी बंद पडल्या, उपसा थांबला, पातळी वर चढली आणि पाणी त्या घाणीला भिडले. परिणामी सुमारे 25 चौरस किलोमीटर क्षेत्राखालचे अंदाजे 20 कोटी घनमीटर भूजल दूषित झाले असून ते उपसून शुद्ध करण्याचे काम अजून कित्येक दशके चालणार आहे. आपल्या बंद खाणीतही उपसा नसल्यानेच पाणी चढले असावे, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. तेथे वाळू-गोट्यांचे थर असल्याने पाणी कोणीकडे सरकते हे बरेचसे मांडता येते. आपला काळा पाषाण मात्र भेगाभेगांतून पाणी वाहून नेतो. त्यामुळे शेजारची विहीर चांगली आणि दोन बांध पलीकडची खराब, असे होऊ शकते. म्हणून परिसरातील सर्व विहिरी-बोअर तपासून घ्याव्यात, आणि तोवर नवीन खोल बोअर मारू नये, कारण त्या भोकातून वरची घाण खालच्या चांगल्या पाण्यात उतरते.

वास येणारे पाणी पिण्यास, स्वयंपाकास व जनावरांना आजपासून बंद करावे. उकळल्याने क्षार आणि धातू जात नाहीत, उडणारी रसायने मात्र घरातल्या हवेत पसरतात. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, असली रसायने त्याला कळत नाहीत. नमुना शक्यतो प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घ्यावा. तो गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवेचा बुडबुडाही न राहता भरावा लागतो आणि बर्फात ठेवून न्यावा लागतो. प्लास्टिकच्या अर्ध्या बाटलीतून नेलेल्या पाण्याचा ‘निर्दोष’ अहवाल हातात पडला, तर पुढे तोच आपल्याविरुद्ध दाखवला जाईल.

पिंपांना कोणीही हात लावू नये. लांबून छायाचित्रे घेऊन जिल्हाधिकारी व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दूषित स्थळांसाठी केंद्राने 2025 मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत, त्यांचा उल्लेख अर्जात करावा. पिंपे शाबूत आहेत तोवर ती नियमाप्रमाणे उचलून नेणे शक्य आहे. फुटल्यावर त्यांच्या मागे भूजलात धावावे लागते. उन्हाळ्यात त्या खाणीवर मोटार बसवून उसाला किंवा हळदीला पाणी देण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याला आजच थांबवावे. काळ्या मातीतली चिकणमाती अशी रसायने धरून ठेवते आणि एकदा बसलेली ती वर्षानुवर्षे निघत नाहीत.