पायथनचा कोर्स पूर्ण केला, पण रिकामी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. रोज नवी मुंबईत ऐरोली ते वाशी लोकलने प्रवास असतो. स्वतःचे प्रोजेक्ट करून प्रोग्रॅमिंग येतं का?

येतं, आणि माझ्या मते खरं शिकणं तिथूनच सुरू होतं. तुम्ही ऐरोलीहून रोज वाशीला जाता असं लिहिलंय, म्हणून प्रोजेक्टही तिथलाच सुचवतो: ‘वाशीची पुढची लोकल कधी?’ एवढंच सांगणारा प्रोग्रॅम. ॲप नको, वेबसाइट नको. काळ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली तरी पुरे.

वाटतं अर्ध्या तासाचं काम. वेळापत्रक सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली माहिती ठेवणारी साधी फाइल) टाइप करा आणि बघा. वेळा मजकूर म्हणून ठेवल्यात तर पायथन ‘१०:०५’ला ‘९:४०’च्या आधी लावेल, कारण तो एकेक अक्षर ताडून बघतो आणि १ हा ९च्या आधी येतो. स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि वेळ यांतला फरक कोर्समध्ये ऐकलेला असतो. अंगात मुरतो तो इथे.

मग तुर्भे. ठाण्याहून आलेली गाडी तिथून कधी सानपाडा-वाशीकडे जाते, कधी जुईनगर-नेरूळकडे. कोपरखैरण्याला उतरणाऱ्याला कुठलीही चालते, तुम्हाला नाही. म्हणजे नुसत्या वेळा साठवून भागत नाही, कुठली गाडी कुठे जाते तेही ठेवावं लागतं. माहितीची मांडणी कशी करायची, हा मला प्रोग्रॅमिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि तो कोणाचं सोडवलेलं उदाहरण टाइप करून येत नाही. रात्री शेवटची लोकल गेल्यावर काय दाखवायचं? रविवारी मेगाब्लॉक असेल तर? हे तुम्हीच ठरवायचं.

जानेवारी २०२४मध्ये या मार्गावर दिघा गाव स्टेशन सुरू झालं. स्टेशनांची नावं कोडमध्ये पाच ठिकाणी विखुरलेली असतील, तर असा एक बदल पाच जागी करावा लागतो. एकाच यादीत असतील तर एक ओळ वाढवली की झालं.

अडलात तर एआयला एररचा अर्थ जरूर विचारा, पण अख्खा प्रोग्रॅम मागू नका. विचार करायची जागाच हातची जाते. आणि गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा.

चालायला लागलं की रोजच्या गाडीतल्या एखाद्या सोबत्याला वापरायला द्या. तो लगेच विचारेल, ‘संध्याकाळी परतीची कधी?’ तुमच्या कोडमध्ये दिशाच नसेल. तेव्हा फाइलची कॉपी मारून दुसरा प्रोग्रॅम करू नका. आहे त्याच फंक्शनला ‘कुठून’ आणि ‘कुठे’ घ्यायला शिकवा.