वैविध्य, विविधता आणि मधली 'वैविध्यता'

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय : शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत 'वैविध्यतेने नटलेला कार्यक्रम' असं लिहून दिलं होतं, मुख्याध्यापकांनी त्यातला 'ता' खोडला. बरोबर कोण?

मुख्याध्यापक बरोबर. मूळ शब्द 'विविध'. द्विविध, त्रिविध, नानाविध यांत जो 'विध' आहे तोच हा, म्हणजे प्रकार. त्याचं भाववाचक नाम दोन वाटांनी होतं. 'ता' लावला की विविधता. 'य' लावला की पहिल्या 'वि'चा 'वै' होतो आणि वैविध्य तयार होतं. मधुरता-माधुर्य, उदारता-औदार्य या जोड्या तशाच. 'माधुर्यता' कुणी म्हणत नाही, मग 'वैविध्यता' तरी कशाला? 'साम्यता', 'सौजन्यता', 'प्रावीण्यता' ही त्याच चुकीची भावंडं.

आपल्या सीमाभागात ही चूक चटकन तोंडी येते, कारण कन्नडमध्ये 'वैविध्यते', 'ऐक्यते' ही रूपं रोज कानावर पडतात. पण सगळा दोष कन्नडच्या माथी मारू नये, पुण्या-मुंबईकडच्या लिखाणातही 'वैविध्यता' भेटते. उलट कन्नडचा एक शब्द मला फार आवडतो. आपण जैवविविधता म्हणतो, तर कर्नाटकच्या जैवविविधता मंडळाच्या कन्नड नावात 'जीववैविध्य' आहे. भीमगडच्या जंगलाबद्दल कन्नडमध्ये वाचताना तो भेटला की बरं वाटतं. मराठीत जैवविविधता रुळलाय, तो राहू दे.

आता वापराचं. 'विविध'ला पुढे अनेक वस्तू लागतात : विविध कार्यक्रम, विविध जाती. 'वैविध्यपूर्ण' मात्र एकाच गोष्टीच्या पोटात अनेक परी असल्या की शोभतो : वैविध्यपूर्ण अंक, वैविध्यपूर्ण संध्याकाळ. 'वैविध्यपूर्ण स्पर्धांचे आयोजन' या वाक्यात नुसतं 'विविध' पुरतं. तिथला मोठा शब्द उगाच आलेला असतो. 'वैचित्र्य'ही मुळात याच अर्थाचं. संस्कृतात विचित्र म्हणजे रंगीबेरंगी, नाना प्रकारचं. 'सृष्टिवैचित्र्य'मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे, एरवी मराठीत विचित्र म्हणजे चमत्कारिकच.

गेल्या सुगीत जांबोटी रस्त्यावरच्या एका अंगणात भाताचे दोन ढीग वाळत होते. मालकांनी एक दाणा नखानं सोलून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो बासमती, त्यो इंटाण. वास घेऊन बघा की." हुंगला, तर ओळखीचा सुवास. त्यांच्या बोलण्यात 'वैविध्य' एकदाही आलं नाही, यायची गरजही नव्हती. भाताच्या जातींवर लेख लिहायचा तर मात्र 'वाणांचे वैविध्य' हा शब्द हवाच, तिथं 'तऱ्हेतऱ्हेचे' अपुरं पडतं.

तेव्हा ताई, पत्रिकेत 'वैविध्याने नटलेला' शुद्ध आहे. पण नाच, नाटुकलं, भारूड आणि कन्नड भावगीतं एकाच संध्याकाळी होणार असतील, तर मी त्या ओळीत ही चार नावंच छापली असती.