मुलांना घेऊन मोटारीने निघताना

वार्षिक परीक्षा संपत आल्या की सहलींविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेक घरांतील आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही डिचोलीला राहतो. मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. सोबत सासूबाई असतील. परीक्षेनंतरच्या सुटीत पाच दिवस काढून स्वतःच्या गाडीने कोल्हापूर, पन्हाळा, पंढरपूर, सातारा, महाबळेश्वर असे करून कोकणातून मालवणमार्गे परत यावे, असा यजमानांचा बेत आहे. मुलीला घाटात हमखास उलट्या होतात. बेत जमेल का, आणि तयारी कशी करावी?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आपल्या बेतातील ठिकाणे एकाला एक जोडली, तर अंतर हजार किलोमीटरच्या वर जाते. पाच दिवसांत एवढी गाडी चालवता येते, यात शंका नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्यातून काय येईल, याचा विचार आधी करावा, असे मला मनापासून वाटते. रोज सकाळी सामान बांधायचे, दिवसभर पट्ट्यात बसायचे, संध्याकाळी अनोळखी खोलीत झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करायचे, एवढेच त्याला आठवणीत राहील. शिवाय महाबळेश्वराहून कोकणात उतरायला आंबेनळीचा वळणावळणाचा घाट आहे, आणि मुलीचा त्रास पाहता तो रस्ता मी तिच्यासाठी मुळीच निवडणार नाही. मोठ्यांचा प्रवास किलोमीटरवर मोजता येतो. मुलांचा प्रवास मात्र त्यांच्या भुकेवर, झोपेवर आणि पळण्याच्या गरजेवर मोजावा लागतो. त्या हिशेबाने दिवसाला पाच तासांहून अधिक काळ गाडी चालू नये, आणि साधारण दोन तासांनी मुलांना अर्धा तास तरी मोकळे सोडावे.

म्हणून माझा सल्ला असा, की पंढरपूर, सातारा आणि महाबळेश्वर या वेळी सोडून द्यावीत आणि कोल्हापुरातच एका ठिकाणी सर्व रात्री मुक्काम करावा. मुलांना दुसऱ्या दिवशी तीच खाट आणि तीच खिडकी दिसली की ती निवांत होतात, आणि सासूबाईंनाही रोज नवा जिना चढावा लागत नाही. खोली ठरवताना तळमजला आणि गाडी लावायला आवारात जागा, या दोन गोष्टी फोनवर आधी विचारून घ्याव्यात.

जाताना साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी या मार्गाने बेळगाव आणि तेथून निपाणीवरून महामार्गाने कोल्हापूर, हा आपल्याला सोयीचा रस्ता आहे. एकूण अंतर सुमारे २०० किलोमीटर भरते. सकाळी सहाच्या सुमारास निघालात, तर घाट थंड वेळेत पार होतो आणि उन्हाचा जोर वाढण्याआधी बेळगाव गाठता येते. तेथे घाई करू नये. बेळगावच्या किल्ल्यात गाडी बाजूला लावून मुलांना पाय मोकळे करू द्यावेत, आतील कमल बस्ती हे जुने जैन मंदिर दाखवावे, आणि कुंदा या दुधाच्या मिठाईचा एक लहान डबा घ्यावा, जो मुलीचे पोट स्थिरावल्यावर कामी येईल. बेळगावपासून पुढचा रस्ता रुंद आणि सरळ असल्याने मुलगा तेथे बहुधा झोपेल. त्याची दुपारची झोप याच टप्प्यात यावी, असे वेळापत्रक बसवावे. या टप्प्यात हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके लागतात, तेव्हा फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम आधीच भरून ठेवावी, म्हणजे मुले झोपलेली असताना नाक्यावर खोळंबा होणार नाही.

आता मुलीच्या उलट्यांविषयी. चालत्या गाडीत आतल्या कानाला हालचाल जाणवते. पण डोळे जर गाडीतील आसनावर, पुस्तकावर किंवा फोनवर खिळलेले असतील, तर ते मेंदूला ‘सारे स्थिर आहे’ असे सांगतात, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये हा त्रास विशेष आढळतो आणि वय वाढते तसा तो बहुधा कमी होतो. त्यामुळे घाटात फोनवर चित्रफीत लावून देणे हा सर्वांत वाईट उपाय होय, जरी तो सर्वांत सोपा वाटत असला तरी. मुलीला बूस्टर आसनावर बसवावे. त्याने पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसतो, आणि बसण्याची उंची वाढल्यामुळे तिला बाहेरची दूरची डोंगररांग दिसू लागते. दूरवर, स्थिर गोष्टीकडे पाहत राहणे हाच मळमळीवरचा खरा उपचार आहे. खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि गाडीत उग्र वासाची सुगंधी कुपी लावू नये. निघताना पोट अगदी रिकामे नसावे आणि भरगच्चही नसावे. अर्धी वाटी पेज, एखादी इडली किंवा केळे पुरे, तळलेले काही देऊ नये. उलटी थांबवणारे औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच आणि त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. अशी औषधे बहुधा निघण्याच्या आधी द्यावी लागतात, मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

इतके करूनही उलटी होऊ शकते, आणि तेव्हा तिला कोणी रागावू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पुढच्या आसनाच्या मागील कप्प्यात एकात एक घातलेल्या दोन पिशव्या, ओला नॅपकिन, पाण्याची लहान बाटली आणि एक जादा फ्रॉक असा संच ठेवावा. हा संच डिकीतील मोठ्या बॅगेत ठेवला, तर ऐन वळणावर तो हाताशी येत नाही. उलट्या वारंवार झाल्या, तर ओआरएसचे पाणी घोट-घोट द्यावे. मोठे पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे, अर्धे-मुर्धे करू नये, आणि उरलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे.

मुलगी वाचू लागली आहे, तर तिला एक काम द्यावे. एका कागदावर चोर्ला, कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कागल अशी नावे तिच्याच हातून आदल्या दिवशी लिहून घ्यावीत. घाट संपल्यावर तिने पाट्या पाहून सांगावे आणि खूण मात्र गाडी थांबल्यावर करावी. ‘किती वेळ राहिला?’ या प्रश्नाचे उत्तर मग तिच्याच कागदावर असते. चोर्ल्यानंतर काही पाट्यांवर कानडी अक्षरे दिसू लागतात आणि कागलला पुन्हा मराठी मुलुख लागतो, हे तिच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही.

कोल्हापुरातील दिवस मोकळे ठेवावेत. अंबाबाईचे दर्शन सकाळी लवकर उरकावे आणि संध्याकाळी रंकाळ्यावर मुलांना हुंदडू द्यावे. एक दिवस पन्हाळ्याला द्यावा. अंबारखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची कोठारे इतकी प्रचंड आहेत, की चार वर्षांच्या मुलालाही त्यांत वेगळी गोष्ट सांगावी लागत नाही. तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहून झाली की बाकीचे बुरूज सोडून दिले तरी चालतील. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे, हे मुलीला जरूर सांगावे. मात्र तारखा ठरवताना पंचांग पाहावे. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची मोठी यात्रा भरते आणि पन्हाळ्याच्या वाटेवरही त्या सुमारास गर्दीचा ताण येतो. लहान मुलांना घेऊन त्या दोन-तीन दिवसांत तिकडे जाऊ नये. आणखी एक दिवस कणेरी मठाला द्यावा. तेथील सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदार, शेतकरी, मोट, नांगरणी असे जुने गाव पुतळ्यांतून उभे केले आहे, आणि आपल्या सासूबाई तेथे मुलांना जे सांगतील, ते कोणत्याही वाटाड्याला सांगता येणार नाही.

परतताना आजऱ्यावरून आंबोली घाटाने सावंतवाडीत उतरावे आणि बांदा, दोडामार्ग या रस्त्याने घरी यावे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत आणि वळणांवर हिसकाही कमी बसतो. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी मिळतात. मुलांना काय घेऊन द्यायचे, ते तिथेच द्यावे. सुटी शिमग्याच्या दिवसांत येत असेल, तर संध्याकाळी डिचोलीत परत येण्याचे टाळावे, कारण रोमटामेळाच्या मिरवणुका आणि चित्ररथांसाठी रस्ते अडवलेले असतात.

गाडीची तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी करावी, आदल्या रात्री नव्हे. टायरमधील हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी आणि स्टेपनीतील हवाही पाहावी. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. चोर्ला घाटात मोबाईलची रेंज जाते, म्हणून नकाशाही आधी उतरवून घ्यावा.

प्रश्न : आमचे बाळ १४ महिन्यांचे आहे. काणकोणहून गोकर्णाला गाडीने जाणार आहोत. बाळ आईच्या मांडीवर शांत राहते; खास खुर्चीत बसवले की रडते. एवढ्या जवळच्या प्रवासाला खुर्ची खरोखरच लागते का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : लागते, आणि यात मी कोणतीही सवलत देऊ इच्छित नाही. गाडी जोरात आदळली, तर बाळाचा भार क्षणात कित्येक पटींनी वाढतो आणि कितीही घट्ट धरले तरी ते आईच्या हातून सुटते. आईने स्वतःच्या पट्ट्यातच बाळाला घेतले, तर तिच्याच शरीराचा भार बाळावर येतो. मांडीची ऊब बाळाला शांत करते, हे खरे. पण आदळलेल्या गाडीत ती त्याला वाचवू शकत नाही. कायदाही तेच सांगतो : २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी कारण तेवढेच पक्के राहते.

या वयात आसन मागच्या सीटवर आणि तोंड गाडीच्या मागील बाजूला करून बसवावे. बाळाची मान अजून कोवळी असते. अशा बसण्याने धक्का पाठ, मान आणि डोके यांवर सारखा वाटला जातो. निदान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाच्या वजनमर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही, हीच पद्धत ठेवावी. असे आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नये. खरेदी करताना एआयएस-०७२, ईसीई आर-४४ किंवा आर-१२९ यांपैकी एखाद्या सुरक्षा-मानकाची खूण पाहावी. नात्यात कोणाकडून जुने मिळत असेल, तर ते अपघातातून गेलेले नाही याची खात्री करून घ्यावी. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळची पट्टी चिमटीत धरता आली, तर ती सैल आहे असे समजावे.

रडण्यावर उपाय सरावाचा आहे. आसन काही दिवस घरातच ठेवावे, त्यात बसवून खाऊ द्यावा, मग चावडीच्या बाजारापर्यंत छोट्या फेऱ्या माराव्यात. गोकर्ण सुमारे १०० किलोमीटर असल्याने बाळाच्या सकाळच्या झोपेच्या वेळी निघावे आणि कारवारच्या किनाऱ्यावर थांबावे. दूध पाजायचे असेल तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, तर सुरक्षित जागी उभी करावी. चालत्या गाडीत बाळाला पट्ट्यातून काढू नये. आणि ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणूनही बाळाला बंद गाडीत ठेवू नये : उन्हात दहा मिनिटांत आतील तापमान सुमारे दहा अंशांनी चढते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या मानाने फार लवकर तापते.

प्रश्न : पुण्याहून नातवंडे सुटीला येणार आहेत, वये पाच, सहा आणि नऊ. मला लांबचा प्रवास झेपत नाही. पेडण्याहून अर्ध्या दिवसात होईल असे काही सुचवा.
— एक आजोबा, पेडणे

उत्तर : आजोबा, आपल्या दारातच चांगली वाट आहे. सकाळी आपल्या पेडणे तालुक्यातील केरीहून फेरीबोटीने गाडीसकट तेरेखोलला उतरावे; मुलांना बोटीत गाडी चढताना पाहणे हीच अर्धी सहल वाटेल. १९५४ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता, ही गोष्ट त्यांना किल्ल्याजवळ उभे राहून सांगावी. तेथून रेडीला द्विभुज गणपतीचे दर्शन घ्यावे आणि शिरोड्याच्या मिठागरांवर जावे. पावसाळ्यापूर्वीच्या या दिवसांत आखलेल्या उथळ वाफ्यांतून खाडीचे पाणी आटत असते, कडेला मीठ ओढून त्याचे पांढरे ढीग केलेले दिसतात आणि फळी घेऊन काम करणारी माणसे भेटतात. १९३० चा मिठाचा सत्याग्रह येथेही झाला, हे नऊ वर्षांच्या नातवाला समजेल. मालकांची परवानगी घेऊन पाहावे आणि मुलांना बांधांवरून पळू देऊ नये, कारण ते मातीचे असतात आणि चटकन ढासळतात. टोप्या आणि भरपूर पाणी बरोबर असावे. मिठावरून परतणारे ऊन डोळ्यांना फार लागते. परतताना आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलाने यावे, म्हणजे फेरीबोटीसाठी उन्हात थांबावे लागणार नाही आणि जेवणाच्या वेळेला मुले घरी असतील.