रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी

"मॅडम, हार्मोन बिघडलेत, म्हणून काही करावंसंच वाटत नाही." साठी-सत्तरीतल्या मंडळींकडून हे हल्ली इतकं ऐकते की एकदा लिहूनच टाकते.

नागपूरच्या धरमपेठेतले एक निवृत्त बँक अधिकारी, वय 72. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलाने तपासण्यांचं पॅकेज करवलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, 6.3; शेजारी वर जाणारा बाण, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त. टी-4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. काकांना वाटलं, डॉक्टरांनी टाळलं. अंबाझरीचं फिरणं सुटलं, दुपार पलंगावर जाऊ लागली.

"थकवा आहे न जी. रिपोर्टमध्येच आहे."

"रिपोर्टमध्ये थकवा लिहिलाय?"

"नाही... बाण आहे."

पुढचा प्रश्न मी राखून ठेवते. आधी भरपूर ऐकून घेतलं नाही, तर माणूस वादच घालतो.

"काका, रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी तब्येत कशी होती?"

ते आठवत बसले. काकूंना धीर निघेना. "अहो, भाचीच्या हळदीत नाचले नं हे!"

काका बराच वेळ टाचणीशी खेळत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हाही टीएसएच एवढाच असेल."

हे मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आकडा तोच राहतो, त्याला दिलेला अर्थ अंगातलं त्राण काढून घेतो, हे माझं जुनं म्हणणं. अर्थात थकवा खोटा नसतो. म्हणून आधी हिमोग्लोबिन, बी-12, साखर, झोप आणि मनाची उदासी तपासून घ्यावी.

वयानुसार टीएसएच थोडा चढतोच. 2017 साली 65च्या पुढच्या 737 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टीएसएच थोडा वाढलेला, टी-4 नॉर्मल, अशीच ही माणसं. थायरॉइडच्या गोळीने टीएसएच खाली आला, पण वर्षभरानंतरही थकव्यात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही. टीएसएच 10च्या वर किंवा टी-4 कमी असेल तर गोष्ट वेगळी. आणि चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं विचारणाऱ्या पुरुषांनाही सांगते: वयाबरोबर ते हळूहळू उतरतं. तपासणी सकाळीच आणि दोनदा करायची असते, जाहिरात बघून त्याचं जेल आणायचं नसतं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक सवय लावते. रिपोर्टची पीडीएफ उघडण्याआधी वहीत लिहायचं: आज कसं वाटतंय, काय काय केलं. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत ती वहीही न्यायची.