अमेरिकेत बेरोजगारी जास्त असलेल्या भागात बेकारी भत्त्याची मुदत आपोआप वाढते का?

होय, वाढते, मात्र हिशेब संपूर्ण राज्याचा होतो, एखाद्या शहराचा किंवा काउंटीचा नव्हे. १९७० च्या संघीय कायद्यानुसार, बहुतेक राज्यांत २६ आठवड्यांपर्यंत मिळणारा नियमित भत्ता संपल्यावर, राज्यातील बेरोजगारी ठरावीक पातळीच्या वर गेलेली असेल तर आणखी १३ आठवड्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. ज्या राज्यांनी ऐच्छिक निकष स्वीकारला आहे, तिथे बेरोजगारीचा तीन महिन्यांचा सरासरी दर ६.५ टक्के झाला की मुदतवाढ लागू होते आणि ८ टक्क्यांना ती २० आठवड्यांपर्यंत जाते. खरी मेख पुढेच आहे: दर नुसता चढा असून भागत नाही, तो आधीच्या दोन वर्षांपैकी एखाद्या वर्षीच्या त्याच काळातील दराच्या किमान ११० टक्के असावा लागतो, त्यामुळे वर्षानुवर्षे तितकीच बेकारी सोसणाऱ्या राज्यातच मुदतवाढ बंद पडू शकते, आणि हे मला तरी उफराटे वाटते. गिरणी बंद पडून एखाद्या काउंटीतील दर १२ टक्क्यांवर गेला, पण राज्याचा ५ टक्क्यांवरच राहिला, तर तिथल्या कामगाराला या तरतुदीचा काहीही उपयोग होत नाही.